गाडी भरायच्या आधी

आमच्या वस्तीवर ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या रात्री भरतात. दिवसभर बायका पत्रे, भांडी, ज्वारीची पोती, चुलीची लाकडं अंगणात आणून ठेवतात. जेवणं उरकली की ट्रक मारुतीच्या पारापाशी येऊन लागतो. खाली जड सामान, त्यावर गाठोडी आणि गाठोड्यांवर लेकरं. मी तिसरीत असताना अशीच वर चढले होते. सगळ्यांच्या वर बसून जायचं, अंगावर आईचं लुगडं, डोक्यावर चांदण्या. मला ते फार आवडलं होतं.

पुढचे पाच महिने कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या तळावर गेले. आई-वडील पहाटे तीनला उसाच्या फडात जायचे. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, मी आणि माझा दीड वर्षाचा भाऊ. तो झोपला की मी पाणी भरायचे, उठला की कडेवर घेऊन बसायचे. जवळच्या गावात शाळा होती. तिची घंटा तळावर ऐकू यायची. चैत्रात परत आलो, गुरुजींनी मला चौथीत बसवलं आणि मला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. त्या दसऱ्याला आज्जी म्हणाली, "ही पोर माझ्यापाशी राहील." माझं पुढचं सगळं शिक्षण या एका वाक्यावर उभं आहे. मात्र ते वाक्य दसऱ्याला बोलता आलं, कारण भाऊ तोवर चालता झाला होता आणि त्याला धरायला माझी गरज उरली नव्हती. हे कळायला मला पंधरा वर्षं लागली.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. जमीन हलकी, पाणी कमी. जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. आमच्या वस्तीवरची निम्म्याहून जास्त घरं त्यात आहेत. १८ डिसेंबर २०२२ ला ग्रामपंचायतीची निवडणूक झाली तेव्हा मी २३ वर्षांची होते आणि पुण्याच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. वॉर्डातली जागा महिलांसाठी राखीव होती. भावकीतल्या तात्यांनी फोन केला, "तू शिकलेली हाईस, फॉर्म भर." मी भरला आणि निवडून आले. पुण्यातल्या मैत्रिणींना वाटलं, मी परीक्षेला घाबरून परतले. खरं सांगायचं तर मतदानाच्या आदल्या रात्री जे पाहिलं त्यानं मला गावात थांबवलं. चारशे-चारशे किलोमीटरवरच्या तळांवरून माणसं मतदानाला आली होती. सकाळी बोटाला शाई लावून दुपारी परत गेली. पारावर उभी राहून मी ते बघत होते. एका दिवसाच्या मतासाठी एवढी माणसं आणता येतात, तर पाच महिन्यांच्या शाळेसाठी लेकरं मागं ठेवता का येऊ नयेत, हा प्रश्न तेव्हा जो डोक्यात शिरला तो अजून गेलेला नाही.

आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते आठवी. पट ९४. दिवाळीनंतर वर्गात पन्नासच्या आसपास मुलं उरायची. शाळा व्यवस्थापन समितीवर ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. ती जागा मी मागून घेतली. बाकीच्या सदस्यांना त्यात काही रस नव्हता, मागितल्यावर लगेच मिळाली. मोठ्या गुरुजींनी मला पहिल्याच बैठकीत हंगामी वसतिगृहाबद्दल सांगितलं. आमच्या गावात ते काही वर्षांपूर्वी एकदा सुरू होऊन बंद पडलं होतं. नाव वसतिगृह असलं तरी मुलं रात्री झोपायला आपापल्या आज्जीकडे, चुलतीकडेच जातात. सकाळ-संध्याकाळचं जेवण आणि अभ्यास शाळेत, दुपारी पोषण आहार असतोच. चालवायचं समितीनं, पैसा समग्र शिक्षा अभियानातून.

मी ऑगस्ट २०२३ मध्ये वही घेऊन घरोघर गेले. प्रश्न एकच: लेकराला मागं ठेवता का? सगळे म्हणाले, "ठेवतो की बाई." पंधरा दिवसांत ४१ मुलांची यादी झाली. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घेतला. समितीचा ठराव, मुलांची यादी, पालकांची संमतीपत्रं, मागं राहणाऱ्या नातेवाइकाचं हमीपत्र असा गठ्ठा करून प्रस्ताव तालुक्याला दिला. पोचपावतीवर शिक्का बसला तेव्हा मला वाटलं, झालं काम.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. ३१ ऑक्टोबरला सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमच्या जिल्ह्यातलेही होते. कारखाने १ नोव्हेंबरला सुरू होणार होते. रानात काहीच नव्हतं म्हणून टोळ्या दसरा झाल्या झाल्या निघाल्या. मी रोज फोन करत होते, रोज उत्तर मिळत होतं की प्रस्ताव वर गेला आहे. मंजुरीचं पत्र हातात पडलं तेव्हा आमच्या वस्तीवर कुलपं होती. ४१ पैकी १७ मुलं उरली होती, आणि त्यातली नऊ तर अशी की ज्यांचे आई-वडील कधी तोडीला जातच नाहीत.

शेजारच्या काकू फेब्रुवारीत कुणाच्या तरी मयतीला दोन दिवस आल्या होत्या. त्यांची चौथीतली मुलगी माझ्या यादीत होती आणि गाडीत चढून गेली होती. मी जरा रागानंच विचारलं. त्या म्हणाल्या, "तू इचारलंस तवा आम्ही उचल घेऊन बसलो होतो बाई. धाकटं सात महिन्यांचं हाय. ही नाही आली तर त्याला धरायचं कुणी?"

मी वही काढून पुन्हा पाहिली. माझ्या यादीतल्या किती घरांत तान्हं मूल आहे याचा रकानाच नव्हता.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, आषाढ-श्रावणात घरी येऊन बसतो आणि कोयत्यामागे उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे. त्यातून बियाणं, दवाखाना, मागच्या वर्षीचं कर्ज भागतं. त्या दिवशी घर ठरवतं की कोण जाणार, तान्हं कोण बघणार, म्हातारीला मागं ठेवायचं की तिला बैलांसाठी, स्वयंपाकासाठी न्यायचं. लेकराच्या शाळेचा निर्णय त्या बैठकीत होऊन जातो, कुणी शाळेचं नाव न काढता. आम्ही ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरात संमतीपत्रावर सह्या घेत होतो तेव्हा आई-बाप खोटं बोलत नव्हते. त्यांची इच्छा खरी होती. पण तिच्यासाठी घरात माणूस शिल्लक नव्हता.

म्हणून २०२४ ला मी शाळा उघडली त्याच आठवड्यात निघाले. प्रश्न बदलला. धाकटं कोण धरणार? म्हातारीला दिसतं का? रात्री लेकरू उठून रडलं तर कोण उठेल? मुलगी मोठी असेल तर ती झोपणार कुठं? पहिल्या प्रश्नावर बायका गप्प व्हायच्या आणि मग अर्धा तास बोलायच्या. शिक्षणाचं महत्त्व मला एकाही घरी सांगावं लागलं नाही. उलट त्याच मला सांगायच्या. एका मावशीनं तळहात पुढं केला. कोयत्यानं पडलेले घट्टे होते. "हे तिला नको," एवढंच बोलल्या.

तान्ह्यांचा प्रश्न पूर्ण सुटला नाही, पण काही घरांत सुटला. ज्या घरी आज्जी धडधाकट होती तिथं मूल वरचं खाणारं असेल तर आज्जीनं धाकट्यालाही ठेवायचं ठरवलं. दिवसा ते अंगणवाडीत येणार, अंगणवाडीताईंनी तयारी दाखवली. नियमात मूल तीन वर्षांचं लागतं बसायला, पण ताई म्हणाल्या, "आणून तर सोडा, मी बघते." दोन घरांत चुलत जावांनी आळीपाळीनं जायचं ठरवलं, यंदा ही, पुढच्या वर्षी ती. एका घरी काहीच जमलं नाही, त्या मुलीचं नाव मी स्वतःच्या हातानं यादीतून काढलं. तिला शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, कारखान्याजवळच्या शाळेत दाखवायला. तिथल्या शाळेनं तिला बसवून घेतलं, एवढं तरी झालं.

मग कागद. इथं एक अडचण अशी आली की ती मला कुणी सांगितली असती तर माझं आधीचं वर्ष वाचलं असतं. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. नियम चांगलाच आहे. पण आमच्या गावचे पालक म्हणजे तोडकरी. समितीचे अध्यक्ष स्वतः दिवाळीला सांगली जिल्ह्यात जायचे. खात्यावर सही अध्यक्षांची आणि मुख्याध्यापकांची. ज्या पाच महिन्यांत वसतिगृह चालवायचं त्याच पाच महिन्यांत समिती गावात नाही! पहिल्या वर्षी किराण्याच्या बिलासाठी मोठ्या गुरुजींनी दोनदा मोटारसायकलवर तळ गाठून सह्या आणल्या होत्या.

समितीची मुदत संपत आलीच होती. जुलैत पालकसभा बोलावली आणि सगळ्यांसमोर ही गोष्ट मांडली. अध्यक्षांचा मान जाईल अशी मला भीती होती. तेच उठून म्हणाले, "मी ऊस तोडीन, सही दुसऱ्यानं करावी." नवी समिती करताना प्रत्येक वर्गातून एक जाणारा आणि एक राहणारा पालक घेतला. अध्यक्षपदी एक विधवा बाई बसल्या; त्या गावातच शिवणकाम करतात, पाचवीतल्या मुलीची आई. त्यांना सही येत होती, बाकी लिहिता येत नव्हतं. संक्रांतीपर्यंत त्या किराण्याचा हिशेब स्वतः लिहू लागल्या, मुलीशेजारी बसून शिकल्या.

महिला सभेत आधी ठराव घेतला, मग ग्रामसभेत. गणपूर्तीला १०० मतदार लागतात किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातली जी संख्या कमी असेल ती. आमच्याकडे बहुतेक ग्रामसभा तहकूब होऊन दुसऱ्यांदा भरतात, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. या वेळी मला तसं नको होतं. लेकरं मागं ठेवणाऱ्या बाईला सगळ्या गावासमोर "आम्ही बघतो" हे ऐकायला मिळायला हवं होतं. बायका आल्या. एका म्हाताऱ्या आज्जीनं उठून विचारलं, "रात्री लाइट गेली तर?" ग्रामपंचायतीच्या पैशातून शाळेच्या वरांड्याला आणि वस्तीच्या रस्त्याला सौरदिवे बसवायचं तिथंच ठरलं. तिच्या त्या प्रश्नाशिवाय ते आम्हाला सुचलं नसतं.

तालुक्याच्या कार्यालयात मी त्या पावसाळ्यात अकरा वेळा गेले. एका वेळी नमुना बदलला होता, एका वेळी यादी ऑनलाइन हजेरीशी जुळत नव्हती, एकदा साहेब दौऱ्यावर. यात कुणाचा वाईट हेतू मला दिसला नाही. तिथल्या माणसांच्या टेबलावर मार्च महिना असतो आणि आमच्या दारात दसरा. हे दोन पंचांग जुळवायचं काम कुणाच्याच नेमणूकपत्रात लिहिलेलं नाही. एका विस्तार अधिकारी बाईंनी मात्र ते अंगावर घेतलं. मी त्यांना सांगितलं की विधानसभेची आचारसंहिता लागली की सगळं अडेल. त्यांनी आमच्यासारख्या गावांचे प्रस्ताव एकत्र करून एकाच दिवशी वर नेले. आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. आमची मंजुरी त्याआधी, दसऱ्याच्या दोन दिवस आधी आली होती. पत्राची झेरॉक्स काढून मी वस्तीवर घरोघर दाखवली. वाचता न येणाऱ्या बायकांनीही कागद हातात घेऊन शिक्का पाहिला.

मंजुरी वेळेवर आली तरी पैसे वेळेवर येतातच असं नाही. पहिला हप्ता जानेवारीत आला. तोपर्यंत दुकानदारानं उधारीवर किराणा दिला, ज्यांच्या घरी ज्वारी होती त्यांनी पायली-पायली दिली, आणि तळावरून तीन बापांनी आपणहून फोनवर पैसे पाठवले. हंगामाच्या आधीच, जानेवारी २०२४ मध्ये, तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला होता. एक बाप म्हणाला, "ताई, यंदा एवढं जमतंय."

कारखाने १५ नोव्हेंबरला सुरू व्हायचे, मतदान २० ला. गाड्या त्या आसपास पाच-सहा रात्री भरत राहिल्या. ४४ नावांच्या यादीतली ३५ मुलं मागं राहिली. पहिल्या रात्री मी वस्तीवर फिरत होते. पहिलीतला एक मुलगा गाडीमागं पळत ओढ्यापर्यंत गेला आणि त्याच्या आज्जीला पळता येईना. मी त्याला उचलून आणलं. घरी येईपर्यंत तो माझ्या खांद्याला चावत होता. त्या रात्री मला खरोखर वाटलं की आपण हे चुकीचं करतोय. आई-बापापासून लेकरू तोडून कसली शाळा? या प्रश्नाचं पूर्ण समाधान माझ्याकडे आजही नाही. गावात काम असतं तर वसतिगृह लागलंच नसतं, हे मला माहीत आहे.

त्या मुलामुळे एक गोष्ट मात्र सुरू झाली. संध्याकाळी साडेसातला फोन. फडातून माणसं परत येऊन चूल पेटवतात ती ही वेळ. शाळेचा एक, माझा एक आणि मोठ्या गुरुजींचा एक असे तीन फोन वरांड्यात ठेवायचे आणि प्रत्येक लेकराला पाच मिनिटं. पहिल्या पंधरवड्यात नुसतं रडणं. मग "आज काय जेवलास?" हळूहळू मोठी मुलं धडा वाचून दाखवू लागली. तळावर एका कोपीत आठ-दहा माणसं जमून ऐकायची, हे मला नंतर कळलं. बाजरीची भाकरी, बेसन, शेंगदाण्याची चटणी, बुधवारी अंडी. जेवण साधंच होतं. पौषात हुरडा आला तेव्हा मोठ्या गुरुजींनी स्वतःच्या रानात सगळ्यांना नेलं.

वाचनाची नोंद आम्ही ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये ठेवली. मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' या सर्वेक्षणात वापरतात तीच साधी पद्धत: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटं लागतात, कुणालाही करता येते. 'असर'च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातली पाचवीची ४८.८ टक्के मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकली. आमच्याकडे तिसरी ते पाचवीची १९ मुलं मागं राहिली होती, त्यातली १३ एप्रिलमध्ये गोष्ट वाचत होती, ऑक्टोबरात सहा. गाडीबरोबर गेलेली त्याच वर्गांतली चार मुलं परत आली तेव्हा तिघं ऑक्टोबरपेक्षा मागं गेली होती. एवढ्याशा आकड्यांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण समितीच्या बैठकीत भिंतीवर तो कागद लावला तेव्हा कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातं. आठवीतल्या एका मुलीची झोपायची सोय नव्हती; आज्जीला दिसत नव्हतं. ती पाच महिने अंगणवाडीताईंच्या घरी राहिली आणि व्यवस्थित राहिली. पण तिची मोठी बहीण नववीत होती. माध्यमिक शाळा सहा किलोमीटरवर, एसटी नाही. आमच्या नमुन्यात पहिली ते आठवीचेच रकाने आहेत, म्हणून मी त्या घरी दोनदा जाऊनही थोरलीबद्दल विचारलं नाही. ती समोर बसून मला चहा देत होती. ती गाडीबरोबर गेली. चैत्रात परत आली तेव्हा गळ्यात मंगळसूत्र होतं, वय पंधरा. एकट्या पोरीपेक्षा जोडीला उचल जास्त मिळते, आणि तळावर वयात आलेली पोर सांभाळायची भीती वाटते. आईनं मला दोन्ही कारणं न लपवता सांगितली. ग्रामसेवक हे गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. मी त्यांच्याकडे गेले, पुढचे कागद झाले. भावकी माझ्याशी दोन महिने बोलली नाही. मुलगी सध्या मामाकडे आहे. दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं म्हणते. परवा ती मला म्हणाली, "ताई, तुमच्या वहीत माझं नाव नव्हतं ना?"

यंदा वहीत नववी-दहावीचा रकाना मी हातानं आखला आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये सुरू झाली. जिल्ह्यात काही तालुक्यांच्या गावी ती वसतिगृहं आहेत. आषाढी एकादशीच्या आधीच तिथले अर्ज आणून ठेवलेत. आमच्या वस्तीवरच्या सात मुली आहेत. पाच घरांनी होकार दिला आहे. सहाव्या मुलीच्या वडिलांना आधी जागा स्वतः बघायची आहे, रात्री दाराला कडी कोण लावतं, पहारा कुणाचा, हे विचारायचं आहे. ते बरोबरच बोलतात. उद्या सकाळच्या जीपनं आम्ही दोघं जाणार आहोत. सातव्या घरी मुकादम काल येऊन बसला होता; तिथं आज जेवणं झाल्यावर मला जायचं आहे.